खोक्यावरचं वाक्य

ऑगस्ट २०२३ मध्ये चिपळूणच्या छापखान्यातून आमच्या तब्येत मोजणाऱ्या पट्ट्याची खोकी आली, दोन हजार नग. पांढऱ्या पुठ्ठ्यावर हिरवी अक्षरं: ‘आई-बाबांच्या तब्येतीवर चोवीस तास नजर. धोक्याची सूचना थेट तुमच्या मोबाइलवर.’ मजकूर माझ्या आतेभावानं लिहिला होता आणि मी वाचून ‘बरं आहे’ म्हटलं होतं. गणपती १९ सप्टेंबरला होते. त्या आठवड्यात मुंबईहून जेवढे चाकरमानी गावी उतरतात, तेवढं गिऱ्हाईक आम्हाला वर्षभर जाहिरात करूनही गाठता आलं नसतं.

ती खोकी त्या गणपतीत विकायला गेलीच नाहीत. बरीचशी आजही खेर्डीच्या आमच्या गाळ्यात माळ्यावर आहेत. असं का झालं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण अंगावर बांधायचं तब्येतीचं यंत्र बनवू पाहणारे तिघं-चौघं गेल्या वर्षभरात मला भेटून गेले आणि प्रत्येकानं पहिला प्रश्न सेन्सरचा विचारला. सेन्सर हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

सुरुवात पुरापासून. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आत्या एकटी माडीवर, आतेभाऊ पुण्यात. फोन लागेना. दोन दिवसांनी कुणाच्या तरी हाताशी निरोप आला की ती ठीक आहे, पण बीपीच्या गोळ्या खालच्या कपाटात होत्या, त्या गेल्या. तो नोकरी सोडून परत आला तो हेच डोक्यात घेऊन: मनगटावर एक पट्टा, त्यात नाडी, ऑक्सिजन, कातडीचं तापमान, आणि काही बिनसलं की मुलाच्या फोनवर अलार्म. कोकणात घरटी एक म्हातारं माणूस आणि त्याचा मुलगा डोंबिवली, विरार नाहीतर नालासोपाऱ्यात. गिऱ्हाईक शोधायलाच नको. मी तेव्हा लोट्याच्या एका औषध कारखान्यात क्वालिटीला होते. कागदपत्रांची मला सवय, म्हणून मी भागीदार झाले. (त्या पुरात मोबाइलचं नेटवर्कच गेलेलं होतं, तेव्हा आत्याच्या हाताला आमचा पट्टा असता तरी काही कळलं नसतं. हे आमच्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली.)

नारळाची नाडी

पट्ट्याच्या पाठीला हिरवा दिवा असतो. तो कातडीत उजेड सोडतो. रक्त हिरवा उजेड चांगला शोषतं, म्हणून दर ठोक्याला परत येणारा उजेड किंचित कमी-जास्त होतो, आणि त्या लाटा मोजून नाडी काढतात. ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त असे दोन उजेड लागतात, साधारण ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन हे दोन उजेड वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्यावरून टक्केवारी ठरते. करोनात घरोघरी आलेल्या चिमट्यात उजेड बोटाच्या आरपार जातो. मनगटातून तो आरपार जात नाही. आत शिरून जेवढा परत येईल तेवढ्यावर भागवावं लागतं. लाट बारीक, आणि हात हलला की हालचालीचा गोंधळ त्या लाटेपेक्षा मोठा.

एका संध्याकाळी आतेभावानं गंमत म्हणून पट्टा सोललेल्या नारळाला बांधला. पडद्यावर ६४ आलं. मग बाजारातून आणलेलं दीड हजाराचं एक घड्याळ बांधलं. त्यानं नारळाची नाडी ७८ सांगितली, ऑक्सिजन ९७ टक्के, आणि वर बीपीसुद्धा. आम्ही पोट धरून हसलो. हसू ओसरल्यावर लक्षात आलं की ६४ आमचं होतं.

कारण साधं आहे. आतला प्रोग्राम परत आलेल्या उजेडात ठरावीक अंतरानं येणारी लाट शोधत असतो. खरी लाट नसली तर ट्यूबलाइटच्या लुकलुकण्यातून, नारळ हलण्यातून, नाहीतर नुसत्या खरखरीतून तो काहीतरी उचलतो. आकडा दाखवायचाच असं त्याला बजावलं असेल तर तो दाखवणारच. पुढचे चार महिने आम्ही एकच गोष्ट केली: लाट कितपत भरवशाची आहे हे आधी तपासायचं, हालचालीच्या सेन्सरशी ताडून बघायचं, आणि खात्री नसेल तर पडद्यावर आडवी रेघ द्यायची. नारळाला रेघ आली त्या दिवशी आम्ही भजी मागवली.

गिऱ्हाइकाला मात्र रेघ आवडत नाही. ज्याला ज्याला दाखवलं, त्यानं पट्टा हलवून बघितला आणि ‘बंद पडलाय वाटतं’ म्हणून परत दिला. शेजारच्या दुकानातलं घड्याळ कधीच रेघ दाखवत नाही.

बांगड्या, घाम आणि मीठ

जून २०२३ मध्ये गुहागर तालुक्यातल्या आमच्याच नात्यातल्या बारा घरांत पट्टे दिले. प्रयोगशाळेत न सुचलेल्या गोष्टी पहिल्या आठवड्यातच कळल्या. बारापैकी सात बायका, आणि सातही जणींच्या दोन्ही हातांत बांगड्या. पट्टा मनगटावर बसेना. बांगड्यांच्या वर सरकवला की तो हाताच्या जाड भागावर येतो, तिथे सैल पडतो, खालून बाहेरचा उजेड शिरतो आणि रेघच रेघ. ‘एका हातातल्या काढून ठेवा’ असं नवरा हयात असलेल्या बाईला सांगून बघा. मी सांगून बघितलं. पुन्हा सांगणार नाही.

शेवटी मावसआजीनंच तोड काढली. तिनं तो दंडावर बांधला, ब्लाउजच्या बाहीखाली, ताईत बांधतात तसा. दंड मनगटापेक्षा कमी हलतो, मांसल असतो, बाहीमुळे अंधारही मिळतो. लाट मनगटापेक्षा स्वच्छ आली. आम्ही साच्यावर साडेचार लाख घातले होते ते मनगटाच्या वळणासाठी. ते वळण दंडाला बसत नव्हतं. पट्टा रुंद आणि कापडी करावा लागला. वाडीतल्या लोकांनी तिला कुठल्या देवऋषानं दिलाय म्हणून विचारलं, ते वेगळंच.

कापडी केला तर घाम. मे-जूनमध्ये कोकणात माणूस बसल्या जागी भिजतो. रबरी पट्ट्याखाली दोघींना पुरळ उठलं, कापडी झाल्यावर ते गेलं, पण कापड ओलं राहून वास यायला लागला. ही अडचण किरकोळ वाटते. २०१४ मध्ये फिटबिट कंपनीनं ‘फोर्स’ नावाचा आपला पट्टा बाजारातून परत बोलावला होता, सुमारे दहा लाख नग, आणि कारण एवढंच की कातडीला खाज आणि पुरळ येत होतं. म्हणून कातडीला लागणाऱ्या प्रत्येक साहित्याची पेशींवर आणि कातडीवर काय प्रतिक्रिया होते याची तपासणी आयएसओ १०९९३ प्रमाणे करून घ्यावी लागते. प्रत्येक साहित्याची, म्हणजे कापड बदललं की परत.

आणि मीठ. खोक्यावर ‘आयपी ६७’ असं छापलं होतं. त्याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी पाणी आत जात नाही. पण ही चाचणी साध्या, गोड्या पाण्यात होते. घाम, खारं वारं, भांडी घासायचा साबण, लावणीचा चिखल यांचा त्यात हिशेब नसतो. पाणी आमच्याही पट्ट्यात शिरलं नाही. गेले ते चार्जिंगचे दोन पिन. घामाचं मीठ पिनांवर राहतं, त्यावर पाच व्होल्ट लावले की अधिकच्या बाजूचा धातू विरघळायला लागतो. तीन आठवड्यांत पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर आणि महिन्याभरात चार्जिंग बंद. मावसआजीनं चिंच लावून घासून काढला, तांब्याचा गडू घासतात तसा. त्यानं दोन दिवस चाललं, मग सोन्याचा मुलामा गेला आणि पिन पार संपला. आता आम्ही बिनपिनाचं चार्जिंग घातलं आहे. नगामागे खर्च वाढला, पण भोक गेलं.

रात्रीचे दोन दहा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस कोसळत असताना, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी डोंबिवलीत माझ्या मामाच्या फोनवर अलार्म वाजला. मावसआजीचा ऑक्सिजन ८१. त्यानं तिला फोन केला. ती फोन उशाशी ठेवत नाही. मग शेजारच्या भाऊंना उठवलं. भाऊ बॅटरी घेऊन, इरलं डोक्यावर टाकून व्हाळ ओलांडून गेले आणि दार बडवायला लागले. आजीनं दार उघडून पहिला प्रश्न केला, “कोण गेलं?”

रात्री दोनला दार वाजलं तर गावात त्याचा दुसरा अर्थ नसतो.

ती पट्टा बांधलेल्या हाताच्या कुशीवर झोपली होती. अंगाखाली हात दाबला गेला, दंडातलं रक्त अडलं, लाट बारीक झाली, पण रेघ पडण्याइतकी बारीक नाही. ८१ आकडा आमच्या प्रोग्रामनं प्रामाणिकपणे काढला होता. तो चुकीचा होता, इतकंच. आठ दिवसांत असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी भाऊंनी मामाला सांगितलं, “आता खरंच काही झालं तरी मी उठायचा नाही, सांगून ठेवतो.”

मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. पट्टा दर दहा मिनिटांनी एक रीडिंग घेतो, म्हणजे दिवसाला १४४. बारा घरांत १,७२८. समजा आमचं यंत्र शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर आहे, आणि आमच्या घाईत आम्ही तसंच समजत होतो. उरलेला एक टक्का म्हणजे दिवसाला सतरा खोटे अलार्म. हजार पट्टे विकले तर १,४४०. कारखान्यात शंभरात नव्व्याण्णव ऐकायला छान वाटतं. इथे त्याचा अर्थ रोज रात्री कुणीतरी भाऊ इरलं घेऊन बाहेर पडणार.

अलार्मची मर्यादा खाली आणता येते. ‘सलग तीन रीडिंग वाईट आली तरच वाजव’ असंही करता येतं, आणि आम्ही केलं. खोटे अलार्म घटले, पण खरा अलार्मही वीस मिनिटं उशिरा वाजणार. त्यातून अलार्म खरा निघाला, तर पुढे काय? गुहागरहून चिपळूण ४५ किलोमीटरच्या आसपास, वाटेत घाट-वळणं, पावसात कुठे झाड आडवं पडलेलं. १०८ ला फोन करायला तरी घरात कुणी हवं. खोक्यावर आम्ही सूचनेचं आश्वासन दिलं होतं. घेणारा त्यात माणूस पोचण्याचं आश्वासन वाचत होता. तो असं वाचणार हे लिहिताना आम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर तसं लिहिलं.

ऑक्सिजनची दुसरी भानगड त्याहून खोल. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास आला होता. बोटाच्या चिमट्यानं ९२ ते ९६ टक्के दाखवलेलं असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी निघालं, असं कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के वेळा झालं आणि गोऱ्यांत ३.६ टक्के वेळा. कातडीतलं मेलॅनिनही उजेड शोषतं. हा बोटाच्या, आरपार उजेडाच्या, रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या यंत्रांचा हिशेब होता. आमचा पट्टा परतलेल्या उजेडावर चालणारा, आणि बांधणार कुणाला, तर उन्हात राबून रापलेल्या माणसांना. आकडा बरोबर आहे हे दाखवायचं तर निरोगी स्वयंसेवकांचा ऑक्सिजन डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानं ७० टक्क्यांपर्यंत उतरवून, दर टप्प्याला धमनीतलं रक्त काढून ताडून बघावं लागतं. आम्ही ऑक्सिजन काढून टाकायचा ठरवला. आतेभाऊ माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

पुण्याहून आलेला फोन

खोकी छापून आल्यावर मी पुण्याच्या एका सल्लागारांना गाठलं. वैद्यकीय उपकरणांच्या लायसन्सची कामं करतात. हे आधी करायला हवं होतं, मी क्वालिटीची बाई असून केलं नाही, ही चूक माझी. त्यांनी सर्किट विचारलं नाही की सेन्सर विचारला नाही. म्हणाले, “खोक्याचा फोटो पाठवा.” पाठवला. तासाभरात परत आला, तीन शब्दांखाली लाल रेघ मारून: नजर, धोक्याची, सूचना.

११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेनं, १ एप्रिल २०२० पासून, निदान, देखरेख किंवा उपचारासाठी माणसावर वापरायचं यंत्र १९४० च्या औषध कायद्याखाली ‘औषध’ धरलं जातं. सॉफ्टवेअरही त्यात येतं. यंत्र काय करू शकतं यापेक्षा बनवणारा ते कशासाठी आहे म्हणून सांगतो यावर सगळं फिरतं, आणि ते सांगण्याची जागा म्हणजे खोकं, माहितीपत्रक, जाहिरात. व्यायामाच्या हौसेसाठी नाडी दाखवणारा पट्टा आणि आजारी माणसावर नजर ठेवणारा पट्टा आतून एकच असला तरी कायद्याच्या लेखी ते एक नव्हेत.

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये धोक्याच्या चढत्या क्रमानं चार वर्ग आहेत: ए, बी, सी, डी. शरीराच्या मूलभूत क्रियांवर देखरेख करणारं निदानाचं यंत्र साधारण बी वर्गात बसतं. पण ज्या बदलानं रुग्णाला तात्काळ धोका होऊ शकतो, जसं हृदयाचं काम किंवा श्वसन, त्यावर देखरेख करण्यासाठीच ते असेल तर ते सी मध्ये जातं. ए आणि बी चं उत्पादन लायसन्स राज्याकडून मिळतं. सी आणि डी साठी दिल्ली. ‘नजर’ या शब्दानं आम्ही कायद्याच्या आत आलो होतो, ‘धोक्याची सूचना’ या दोन शब्दांनी एक मजला वर चढलो होतो. आतेभावाला ‘नजर’ हा आपुलकीचा शब्द वाटला होता.

शिवाय आयएसओ १३४८५ प्रमाणे गुणवत्ता व्यवस्था, विजेच्या सुरक्षिततेसाठी आयईसी ६०६०१ च्या चाचण्या, ब्लूटूथ आहे म्हणून दूरसंचार खात्याची मंजुरी, लिथियम बॅटरी विमानानं पाठवायची तर यूएन ३८.३ ची चाचणी. यातलं प्रत्येक काम होण्यासारखं आहे, नुसते दिवस आणि पैसे खातं.

एक मोहाचा क्षण आला तोही लिहिते. सी आणि डी वर्गाला लायसन्स सक्तीचं होणार होतं १ ऑक्टोबर २०२३ पासून. गणपती १९ सप्टेंबरला. आतेभाऊ कॅलेंडरसमोर उभा राहून म्हणाला, “ताई, मध्ये बारा दिवस आहेत. एवढ्यात विकून मोकळे होऊ.” हा हिशेब मीही मनात केला होता. सल्लागारांना विचारलं तर ते हसले. नोंदणी १ ऑक्टोबर २०२१ पासूनच सक्तीची होती आणि ती आमच्याकडे नव्हती. आणि १ ऑक्टोबरच्या रात्री गुहागरात एखाद्या आजीचा अलार्म वाजला नाही, तर तिचा मुलगा पावतीवरची तारीख बघणार आहे का, असंही त्यांनी विचारलं. त्याच वेळी त्यांनी बारा घरांचं ऐकलं आणि आवाज चढवला. नात्यातले असले म्हणून काय झालं, माणसांवर चाचणी करायची तर आधी परवानगी आणि एथिक्स कमिटी लागते. पट्टे आम्ही त्याच आठवड्यात परत गोळा केले.

माझं दुखणं मी सांगीन

पट्टे आणायला गेले तेव्हा मावसआजीनं पट्टा आधीच काढून कोनाड्यात ठेवलेला होता. रागावली होती, पण भाऊंच्या दार बडवण्यावरून नव्हे. मामानं फोनवर तिला विचारलं होतं, “रात्री तीनदा का उठतेस? काय होतंय?” ॲपमध्ये हालचालीचा आलेख होता, त्यावरून त्याला दिसलं. ती मला म्हणाली, “मी उठते, पाणी पिते, देवाजवळ बसते, कधी तुझ्या मावसआजोबांच्या खुर्चीत बसते. ते त्याला डोंबिवलीत बसून कशाला दिसायला हवं? माझं दुखणं मी सांगीन, मला तोंड आहे.”

पट्टा मुलानं घेतलेला, ॲप मुलाच्या फोनमध्ये, संमतीच्या चौकोनात टिचकी मुलानं मारलेली. तब्येत मात्र तिची. त्याच महिन्यात, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्यात संमती द्यायची असते ती जिची माहिती आहे तिनं, आणि आपली माहिती कशासाठी घेतात हे तिला आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायला मिळायला हवं. कायद्याचं मी नंतर वाचलं. ते मला तिच्या ओट्यावर आधी कळलं होतं. आम्ही ॲप ज्याच्यासाठी रचलं तो पैसे देणारा होता. बांधणारीला आम्ही कधी विचारलंच नव्हतं की तुला कुणाला काय कळायला हवं आहे.

गोळा केलेल्या नोंदी चाळताना आणखी एक गोष्ट सापडली. एका घरातले आजोबा लावणीला चिखलात उतरत होते. त्यांची रात्रीची नाडी एरवी ६२ च्या आसपास असायची. जुलैमध्ये एका रात्री ती ७९ झाली, दुसऱ्या रात्री ८४. अलार्मची मर्यादा १२० होती, त्यामुळे पट्टा गप्प. तिसऱ्या दिवशी सणसणून ताप. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, शंका घेऊन लगेच औषध सुरू केलं, पुढे रक्तातही तेच निघालं, आजोबा बरे झाले. पावसाळ्यात भातशेती करणाऱ्यांना लेप्टो होतो हे इथे सगळ्यांना माहीत आहे. अंगात एक अंश सेल्सिअस ताप चढला की नाडी साधारण दहानं वाढते, हेही डॉक्टरांना माहीत असतं. त्या दोन रात्रींचे आकडे आमच्या सर्व्हरवर होते आणि कुणी पाहिले नाहीत, कारण वाजेल तेव्हाच पाहायचं असं आम्हीच ठरवून ठेवलं होतं.

या एका उदाहरणावरून पट्टा लेप्टो ओळखतो असं म्हणणं म्हणजे नारळाला बीपी असतं म्हणण्यासारखंच. नाडी उन्हानं वाढते, चिंतेनं वाढते, एकादशीच्या जागरणानं वाढते. पण एखादा माणूस दोन दिवसांचा आलेख बघून “आजोबा, कसं वाटतंय?” एवढं विचारू शकतो, आणि ते पट्ट्याला विचारता येत नाही.

दुसरं वाक्य

नवीन खोक्यावरचा मजकूर ठरवायला आम्हाला अडीच महिने लागले. आता तो असा आहे: ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानं वापरण्यासाठी. नाडी आणि कातडीच्या तापमानाची रोजची नोंद ठेवतं. हे यंत्र तातडीची सूचना देत नाही.’ शेवटचं वाक्य पहिल्याएवढ्याच मोठ्या अक्षरात. अलार्म काढून टाकला आहे. दंडाला कापडी पट्टा, पडदा नाहीच. नेटवर्क नसेल तर आठ दिवसांच्या नोंदी आतच राहतात आणि ब्लूटूथच्या टप्प्यात फोन आला की उतरतात.

आतेभाऊ तो मजकूर घेऊन डोंबिवलीत पंधरा-वीस ओळखीच्यांकडे फिरून आला. जवळपास सगळ्यांनी एकच विचारलं: “सूचना देत नाही, तर मी पैसे कशाचे देऊ?” दुसरा प्रश्न ठरलेला: “शुगर मोजतं का?” कातडीला न टोचता साखर मोजते म्हणून सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, स्पष्ट सांगितलं की असं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही आणि तिच्या आकड्यावर इन्सुलिन घेणं जिवावर बेतू शकतं. आतेभाऊ हे समजावत बसतो. ऐकणारा मान हलवतो, आणि दीड हजाराच्या घड्याळाची लिंक दाखवतो.

मुलांना विकणं आम्ही सध्या थांबवलं आहे. गुहागरच्या एका डॉक्टरांनी मार्ग सुचवला. रुग्णालयातून घरी सोडलेल्या माणसाला पंधरा दिवसांसाठी पट्टा भाड्यानं द्यायचा. डॉक्टर सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं आलेख बघणार. काही वेगळं वाटलं तर दवाखान्यातली नर्स घरी फोन करणार. पेशंटनं परवानगी दिली तरच मुलाला दिसणार, आणि दिसणार ती फक्त नाडी आणि तापमान. उठण्या-बसण्याचा आलेख कुणालाच नाही. यात आम्हाला मिळणारा पैसा थोडा आहे. एक पट्टा वर्षाला वीसेक जणांच्या दंडावर फिरतो, म्हणजे विक्री कमी आणि धुण्या-निर्जंतुक करण्याचा खर्च आमच्याच गळ्यात. चाळीस पट्ट्यांवर हे जेमतेम भागतं. बी वर्गाचा अर्ज गेला आहे. एथिक्स कमिटीसमोर या वेळी मी आधी गेले आणि पट्टे नंतर बांधले.

आतेभावाला हे अजून मनापासून पटलेलं नाही. सी वर्गाचं लायसन्स काढून, पुन्हा अलार्म घालून, पण फोन मुलाऐवजी चोवीस तास बसलेल्या माणसाकडे जाईल असं काहीतरी करायचं त्याच्या डोक्यात आहे. त्या माणसाचा पगार कोण देणार, यावर आमचं दर रविवारी भांडण होतं. आत्या मध्ये पडत नाही. चहा ठेवते.

मावसआजीकडे मी या वैशाखात गेले होते. दंडावर काही नव्हतं. तिनं भाजलेले काजू आणि आमसुलं डोंबिवलीला मामाकडे पाठवायला म्हणून दिली, तर पिशवी फाटकी. गाडीत आमची जुनी खोकी होती, त्यातली दोन काढून दिली. तिनं ती व्यवस्थित भरली, सुतळीनं बांधली, चष्मा लावून वरचं हिरव्या अक्षरांतलं वाचलं, आणि म्हणाली, “राहू दे तसंच. त्याला बरं वाटेल.”